एका वादकाच्या हाती सगळा वाद्यवृंद



लग्नाची मिस्सा आटोपून नवरानवरी मधल्या वाटेने बाहेर निघतात, तेव्हा आपल्या कीबोर्डवर जी धून वाजते ती आपण सगळेच ओळखतो. मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराने ती १८४२ साली शेक्सपिअरच्या एका नाटकासाठी रचली, तीही कर्णे, व्हायोलिन, झांजा अशा पूर्ण वाद्यवृंदासाठी. १८५८ साली राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ती वाजली आणि पुढे चर्चच्या ऑर्गनवर कायमची रुळली. म्हणजे वाद्यवृंदाचे संगीत ऑर्गनवर ऐकण्याची सवय आपल्या कानांना आहेच.

हे सांगण्याचे कारण, गायकवृंदाच्या एका सरावात याच धुनेवरून वाद झाला. एका ज्येष्ठांनी विचारले, "नाटकातली धून चर्चमध्ये कशाला?" दुसरे कोणी म्हणाले, "शंभर माणसांचे संगीत एकाने वाजवायचे म्हणजे नक्कलच की!" कीबोर्ड वाजवणारा आपला बारावीतला मुलगा काही बोलला नाही. त्याने वाद्य बंद केले आणि पुढचे दोन रविवार तो आला नाही. तेव्हा हा विषय नीट समजून घ्यावा असे आम्हांला वाटले.

आधी वाद्याविषयी. मराठी माणसाला ऑर्गन परका नाही. बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गन आणि सारंगीची साथ असे. पण तो पायाने भाता मारण्याचा, पितळी रीडचा ऑर्गन, आपल्या पेटीचा थोरला भाऊ. पाइप ऑर्गनमध्ये आवाज निघतो तो नळ्यांतून. काही नळ्या बासरीसारख्या, नुसत्या हवेने बोलणाऱ्या. काहींच्या आत सनईसारखी जीभ. एका जातीच्या नळ्यांच्या संचाला स्टॉप म्हणतात. वादक खुंटी ओढतो आणि तो संच जागा होतो. सर्वांत खालच्या 'सी' स्वराची नळी आठ फूट लांब असेल तर तो आठ फुटी स्टॉप. चार फुटी स्टॉप ओढला तर तीच पट्टी एक सप्तक वर बोलते, सोळा फुटी ओढला तर एक सप्तक खाली. शिवाय दोन-तीन कीबोर्ड एकावर एक आणि पायांसाठी वेगळा. असे वाद्य पाहायचे असेल तर मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे.

आता नक्कलेचा प्रश्न. व्हेनिसचे आंतोनियो विवाल्दी हे कॅथोलिक धर्मगुरू होते. १७०३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. अनाथ मुलींच्या एका आश्रमात ते व्हायोलिन शिकवीत. त्यांच्या बारा कंचेर्तोंचा संग्रह १७११ साली ॲम्स्टरडॅमला छापला गेला. तो जर्मनीत वायमारच्या दरबारी ऑर्गनवादकाच्या हाती पडला. हा वादक लुथरन पंथाचा, योहान सेबास्टियन बाख. त्याने १७१३-१४ च्या सुमारास त्यातले काही कंचेर्तो ऑर्गनसाठी लिहून काढले.

त्यातला डी मायनरमधला कंचेर्तो घ्या. सुरुवातीला दोनच व्हायोलिने एकमेकांचा पाठलाग करतात. त्यांचे वरचे स्वर त्या काळच्या ऑर्गनच्या कीबोर्डवर मावतच नव्हते! बाखने काय केले, दोन्ही हातांचे स्वर एक सप्तक खाली लिहिले आणि दोन वेगळ्या कीबोर्डांवर चार फुटी स्टॉप ओढायला सांगितले. हात खाली, आवाज मात्र मूळच्या जागी. याला नक्कल म्हणायला आमचे मन धजत नाही. गंमत म्हणजे बाखच्या थोरल्या मुलाने या हस्तलिखितावर पुढे स्वतःचे नाव घातले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लोक ती रचना त्याचीच समजत होते.

पुढच्या शतकात याला वेगळेच कारण मिळाले. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये १८५५ साली शंभर स्टॉपचा ऑर्गन बसला आणि डब्ल्यू. टी. बेस्ट यांनी १८९४ पर्यंत तो वाजवला. वाद्यवृंद ऐकण्याची ज्यांची ऐपत नव्हती अशा लोकांनी मोठमोठ्या रचना तिथे ऐकल्या. मग ग्रामोफोन आला, रेडिओ आला. मूळ रचना घरबसल्या मिळू लागल्या, आणि ज्या रूपांतरांनी ती ओळख करून दिली त्यांनाच लोक खोटी म्हणू लागले.

ऐकायचे कसे? देहूत टाळमृदंगाच्या गजरात वाढलेले आपले कान आधी ठेका शोधतात. ऑर्गनला ठेका नसतो. पट्टी जोरात दाबली म्हणून स्वर मोठा होत नाही. जोर दाखवायचा तर वादक आधीचा स्वर किंचित लवकर सोडतो, आणि त्या बारीक पोकळीमुळे पुढचा स्वर ठसठशीत लागतो. ती पोकळी ऐका. व्हायोलिन एकच स्वर फुगवू शकते. ऑर्गनमध्ये त्यासाठी नळ्यांभोवती झडपांची खोली असते आणि वादक पायाने झडपा उघडतो. म्हणून आधी मूळ कंचेर्तो ऐकावा, मग बाखचा. काय हरवले आणि काय नवे आले ते तेव्हा कळते.

राहिला नाटकाच्या धुनेचा प्रश्न. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेवरील दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मोठा मान दिला आणि उपासनेला साजतील अशी इतर वाद्येही मान्य केली. उपवासकाळात मात्र वाद्ये केवळ गायनाच्या साथीला. चौथा रविवार, सोहळे आणि सण एवढेच अपवाद. मिस्सा संपल्यावर बाहेर पडताना काय वाजवावे हे फादरांना विचारून ठरवावे. आमचे मत विचाराल तर ती धून वाजायला हरकत नाही. मात्र ती प्रवेशगीताच्या किंवा कम्युनियनच्या गीताच्या जागी नको.

तळवड्याच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेले आमच्यातले एक जण त्या मुलाच्या घरी गेले. दोघांनी मोबाईलवर दोन्ही कंचेर्तो लागोपाठ ऐकले. मुलगा म्हणाला, "काका, बाखने तर स्वर सोडूनही दिलेत काही." गेल्या रविवारी तो आला. रिदमचे बटण त्याने बंद ठेवले होते, आणि अर्पणाच्या वेळी त्याने डाव्या हाताचे स्वर एक सप्तक खाली नेले, हे मागच्या बाकांवरसुद्धा ऐकू आले.