खरडलेल्या रानाला पुन्हा जीव कसा येतो?

२०२५ सालच्या पावसाळ्यात नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अतोनात पाऊस झाला. मांजरा, तेरणा, गोदावरी या नद्यांना मोठे पूर आले. उभे सोयाबीन गेले. नदी-ओढ्याकाठच्या कित्येक रानांतली वरची मातीही वाहून गेली. खाली मुरूम उघडा पडला.

पीक गेले तर एक हंगाम जातो. माती गेली तर काय जाते? हे नीट समजले, तर पुढचा इलाजही समजेल.

मातीतली वस्ती

चिमूटभर चांगली माती हातावर घ्या. तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. बुरशीचे बारीक धागेही असतात. साध्या डोळ्यांना हे दिसत नाही. हे जीव पालापाचोळा, शेण, काडीकचरा कुजवतात आणि त्यातून पिकाला अन्न मोकळे करतात. मातीचे कण ते एकमेकांना धरून ठेवतात.

ही वस्ती बहुतेक वरच्या वीतभर थरात असते. पुराने तो थर नेला म्हणजे वस्तीच उठली. काही रानांत माती राहिली, पण पाणी तुंबले. तिथे मातीतली हवा कोंडली आणि हवेवर जगणारे जीव कमी झाले.

झाड वस्ती कशी जमवते?

झाड उन्हात पानांमध्ये साखर तयार करते. त्यातली थोडी साखर ते मुळांवाटे मातीत सोडते. जिवाणू आणि बुरशी त्यावर जगतात. म्हणून जिथे मूळ, तिथे त्यांची दाटी.

पण प्रत्येक झाडाचे सोबती सारखे नसतात. हरभरा, तूर, मूग, सोयाबीन यांच्या मुळांवर गाठी येतात. त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. हॉलंडच्या बायरिंक नावाच्या शास्त्रज्ञाने १८८८ साली हा जिवाणू वेगळा काढून दाखवला. मात्र हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. ज्वारीला अशा गाठी येत नाहीत. तिच्या दाट मुळांत एक उपयोगी बुरशी राहते. तिचे धागे लांबवर पसरतात आणि स्फुरद आणून देतात.

म्हणजे आपण जे पेरतो, तशी वस्ती मातीत जमते.

रान उघडे ठेवले तर?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात आपल्यासारखी काळी जमीन आहे. ओल साठावी म्हणून तिथे काही शेतकरी रान वर्षभराहूनही अधिक काळ पडीक ठेवत. ओल साठे, पण पुढचे पीक खुरटे निघे. त्याचे कारण १९८७ साली एका अभ्यासातून पुढे आले. मुळे नाहीत म्हणून मुळांतली बुरशी घटली होती. मातीत स्फुरद होता, पण पिकाला तो पुरेसा मिळत नव्हता.

यातून आपण शिकायचे ते हे : आधीच खरडलेले रान उघडे ठेवू नये.

काय करावे?

१. मुरूम उघडा पडला असेल तर तलावातला गाळ आणि शेणखत पसरावे. ज्या रानात पीक चांगले येते, तिथली चार पाट्या माती त्यात मिसळावी. ते विरजणासारखे काम करते. मात्र मर रोग असलेल्या रानातली माती आणू नये.

२. पावसाळ्याच्या सुरुवातीला ताग किंवा धैंचा पेरावा. फुले येऊ लागली, म्हणजे साधारण दीड महिन्याने, ओल असताना तो मातीत गाडावा.

३. पुढे एकच एक सोयाबीन घेत राहू नये. तूर, ज्वारी, हरभरा, करडई असा पालट ठेवावा.

४. डाळवर्गीय बियाण्याला त्या-त्या पिकाचे जिवाणू खत लावावे. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशी खते तयार होतात.

५. सोयाबीनचे भुसकट, तुरीचा पाला जाळू नये. तेच मातीतल्या जिवांचे अन्न आहे.

कुणी म्हणेल, "अहो, डोक्यावर कर्ज आहे. घरात खायला नाही, अन् तुम्ही ताग पेरून गाडायला सांगता व्हय?"

हा प्रश्न रास्त आहे. लहान शेतकऱ्याला सगळ्या रानाचा हंगाम सोडणे परवडत नाही. त्याने एका वर्षी एकच पट्टा घ्यावा. सगळ्यात जास्त खरडलेला पट्टा आधी घ्यावा. तिथे तसेही पीक फारसे हाती लागणार नसते. बाकी रानात नेहमीचे पीक घ्यावे. पुढच्या वर्षी दुसरा पट्टा.

नुसता युरिया टाकून हे काम होत नाही. युरियाने पीक काही दिवस हिरवे दिसते, पण गेलेली वस्ती परत येत नाही. आणि डाळवर्गीय पिकाला नत्र फार दिला, तर मुळांवर गाठी कमी धरतात.

ओळखायचे कसे?

पेरणीनंतर सहा आठवड्यांनी सोयाबीनचे एक झाड हलक्या हाताने खणून काढा. ओढून उपटू नका, गाठी तुटतात. मुळे पाण्यात धुवा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला, तर जिवाणू कामाला लागले आहेत. गाठी नसल्या, किंवा आतून पांढऱ्या अगर हिरवट निघाल्या, तर काम झालेले नाही.

बोटभर नवी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तेवढी वाट आपल्याला पाहता येत नाही. पण उरलेल्या मातीत जीव परत आणणे आपल्या हाती आहे. एका हंगामात ते पुरे होत नाही. दरवर्षी थोडे थोडे करत राहावे लागते.

प्रश्न

१. पुराने वरची माती नेली म्हणजे आणखी काय गेले?
२. झाड मातीतल्या जिवांना काय देते? ते झाडाला काय देतात?
३. तुमच्या गावात कुणाचे रान खरडले आहे? तिथे पहिल्या वर्षी कोणता पट्टा घ्याल? चौघांत बसून ठरवा आणि पाटीवर लिहा.