हेडफोन घेताना आधी सांधा पाहावा

स्वस्तातले घडीचे हेडफोन आवाजाने मरत नाहीत, सांध्यात मरतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत दुरुस्ती करणाऱ्या एका काकांनी मला हे उघडून दाखवलं. माझ्या हातात काळाभोर, नीटस, मिटला की मुठीएवढा होणारा हेडफोन होता आणि त्याची डावी बाजू मुकी झाली होती. डावा कप बोटाने जरा वर दाबला की आवाज यायचा, बोट काढलं की जायचा. तळेगाव ते शिवाजीनगर लोकलमध्ये एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने कान धरून कितीही चांगला ख्याल ऐकला तरी त्याची मजा येत नाही.

काकांनी स्पंज काढला, खालचे बारीक स्क्रू सोडवले, मीटर लावला आणि म्हणाले, "ताई, स्पीकर ठणठणीत आहे. वायर गेलीय." गेली होती ती बरोबर बिजागरीत. त्या हेडफोनची वायर फक्त उजव्या कपातून निघत होती. म्हणजे डाव्या कानाचा आवाज आधी उजव्या कपात शिरणार, मग डोक्यावरच्या पट्टीतून पलीकडे जाणार आणि वाटेत दोन्हीकडच्या बिजागऱ्या ओलांडणार. आपण तो रोज मिटतो, उघडतो. तेवढ्या वेळा ती वायर त्याच जागी वाकते आणि सरळ होते. आत असतात केसाहून बारीक तांब्याच्या तारा, वर लाखेचा पातळ थर आणि सोबतीला मजबुतीसाठी नायलॉनचे दोरे. दोरे टिकतात, तारा तुटतात. बाहेरून काही दिसत नाही.

ही वायर जोडणंही सोपं नाही. लाख जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि जोडलेली जागा ताठ होते म्हणून तिच्या शेजारी पुन्हा तुटते. काकांनी जोडून दिली, पैसेही बेताचे घेतले, पण देताना म्हणाले, "आता मिटू नका." घडीचा हेडफोन न मिटता वापरायचा!

तेव्हापासून दुकानात मी पहिली नजर वायरीवर टाकते. दोन्ही कपांतून वेगळी वायर निघून छातीपाशी एक होत असेल तर पट्टीतून आणि बिजागरीतून काहीच जात नाही. घडी हवी तितकी करा. एका बाजूची वायर दिसायला सुटसुटीत असते, गळ्यात येत नाही, जेवताना मध्ये लोंबत नाही. घरी बसून ऐकायच्या, न मिटणाऱ्या हेडफोनला ती शोभते. पिशवीत कोंबायच्या वस्तूत ती नको. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या कॉस कंपनीने १९८४ मध्ये काढलेला पोर्टा प्रो आजही जवळपास त्याच रूपात विकला जातो, आणि त्याच्या वायरी दोन्ही कानांतून निघतात. आपल्याकडे बरीच वर्षं सहज मिळत आलेल्या सोनीच्या झेडएक्स११० या साध्या हेडफोनचीही वायर तशीच. हे दोन्ही हेडफोन दिसायला फार रुबाबदार नाहीत, पण बनवणाऱ्याने घडीचा विचार केलेला आहे.

घडीचेही प्रकार असतात. काहींचे कप नुसते आडवे फिरून सपाट होतात. पट्टीची लांबी-रुंदी तेवढीच राहते, पण फाइलशेजारी किंवा डब्यामागे तो उभा सरकवता येतो. काही बिजागरीत आत मुडपून गोळा होतात. काहींत स्टीलच्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकतात. लांब केस असतील तर या शेवटच्या प्रकारात केस अडकतात, विशेषतः घाईत काढताना. माझ्या मते रोजच्या वापराला सपाट होणारा बरा, कारण त्यात मोडण्यासारखं कमी. तीन घडीची छत्री आणि आजोबांची लांब दांड्याची छत्री यांत जो फरक, तोच इथे. मुठीएवढा होणारा हवाच असेल तर बिजागरीचा खिळा धातूचा आहे का पाहावं, आणि ती उघडझाप करून प्लॅस्टिकवर पांढरट रेघ उमटते का तेही. ती रेघ म्हणजे प्लॅस्टिकवर आलेला ताण. पुढे तिथेच तडा जातो. मांडून ठेवलेल्या नमुन्यावर हे लगेच कळतं, कारण दिवसभर शंभर गिऱ्हाइकांनी तो वाकवलेला असतो. स्क्रू दिसत असेल तर वस्तू उघडता येते. सगळं चिकटवलेलं असेल तर दुरुस्तीवाला हात जोडतो.

वजनाबद्दल लोक फार बोलतात, पण खरी अडचण दाबाची असते. सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये पहिला वॉकमन आणला, त्यासोबतचा हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचा होता. त्याआधी ३०० ते ४०० ग्रॅमचे हेडफोन नेहमीचे होते. तेव्हा हलकेपणाचा प्रश्न त्यांनी सोडवला तो सोडवलाच. आज शंभर-सव्वाशे ग्रॅमचा हेडफोन कुठेही मिळतो. पण हलका हेडफोन डोक्यावर टिकण्यासाठी कानांना चिमटा काढतो. कानावर बसणाऱ्या छोट्या कपांत तो चिमटा थेट कानाच्या पाळीवर येतो. चष्मा असेल तर चष्म्याची काडी आणि कप यांच्यामध्ये कान सापडतो, आणि अर्ध्या तासाने कानामागे ठणका लागतो. कानात कुड्या असतील तर मळसूत्राची फिरकी मागून मानेत टोचते. दुकानात दोन मिनिटं घालून यातलं काही कळत नाही. निदान पंधरा मिनिटं घालून उभं राहावं, चष्म्यासकट आणि कानातल्यांसकट. विक्रेता कंटाळतो, कंटाळू द्यावं. नवा हेडफोन फार आवळत असेल तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवतात. स्टीलच्या पट्टीला हा उपाय लागू पडतो, निव्वळ प्लॅस्टिकची असेल तर ती मोडायची शक्यता जास्त.

कप खुले घ्यावेत की बंद, याचं उत्तर आपण कुठे ऐकतो त्यावर. जर्मनीच्या सेन्हायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ आणला. खुल्या बनावटीचा पहिला हेडफोन म्हणून त्याचं नाव घेतात आणि त्याचे पिवळे स्पंज अजून लोकांच्या लक्षात आहेत. खुल्या कपात आवाज मोकळा वाटतो, तानपुरा कोंडल्यासारखा ऐकू येत नाही, कानाला घाम कमी येतो. संध्याकाळी तळ्याभोवती फिरताना मला तोच आवडतो, मागून येणारी दुचाकीही कळते. पण लोकलमध्ये तो निरुपयोगी. चाकांची घरघर सरळ आत येते, मग आपण आवाज वाढवतो, मग शेजारच्या बाईंना आपला मालकंस ऐकू जातो आणि त्या आधी आपल्याकडे, मग खिडकीबाहेर बघतात.

आवाज वाढवण्याची ही सवय गाडीतून उतरल्यावर जात नाही, आणि हे प्रकरण शेजाऱ्यांच्या त्रासापेक्षा गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की ८० डेसिबलला मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकलं तरी चालतं. ९० डेसिबलला हीच मुदत ४ तासांवर येते. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणून गोंगाटात ऐकायचं असेल तर बंद कपांचा, कानावर नीट टेकणारा हेडफोन घ्यावा. बाहेरचा आवाज थोडा जरी अडला तरी फोनचा आवाज दोन-तीन पायऱ्या खाली आणता येतो. गाडीची खोल घरघर मात्र बंद कपांनीही फारशी अडत नाही. ती कापणारी इलेक्ट्रॉनिक सोय आता स्वस्तात आली आहे, पण तिला बॅटरी लागते आणि वजन वाढतं.

खोक्यावरच्या आकड्यांत फार गुंतू नये. '२० ते २०,००० हर्ट्झ' हे बऱ्याच खोक्यांवर छापलेलं असतं. किती चढ-उतार धरून ते सांगितलं नसेल तर त्याला अर्थ नाही. पडदा ४० मिलिमीटरचा की ३० चा, यावरूनही आवाज चांगला ठरत नाही. दोन आकडे तेवढे उपयोगाचे. एक ओहमचा आणि दुसरा एका मिलिवॉटला किती डेसिबल याचा. फोनवर ऐकायला १६ ते ३२ ओहम आणि शंभरच्या आसपास डेसिबल असले की पुरे. झेडएक्स११० चे आकडे २४ ओहम आणि ९८ डेसिबल आहेत. पोर्टा प्रो ६० ओहमचा असूनही फोनवर वाजतो, कारण त्याचे डेसिबल १०१.

आता प्रश्न, की लावायचा कुठे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा जॅक गेला, आणि पाठोपाठ बाकीच्या बऱ्याच फोनमधूनही. मग टाइप-सीचा छोटा अडॅप्टर लागतो. तो घेताना एक खबरदारी. काही अडॅप्टर नुसती वायर असतात, ते ठरावीक फोनवरच चालतात. ज्यात आवाजाची स्वतःची चिप आहे तोच मागावा आणि आपल्या फोनला लावूनच पैसे द्यावेत.

यावर माझा भाचा म्हणतो, "मावशी, ब्लूटूथ घे ना, वायरीचं झंझटच नको." ऐकायला बरोबर वाटतं. पण बिनवायरीच्या घडीच्या हेडफोनमध्येही सहसा बॅटरी एका कपात आणि सर्किट दुसऱ्यात असतं, आणि दोन्हींना जोडणारी वायर जाते त्याच पट्टीतून, त्याच बिजागरीतून. वर लिथियमची बॅटरी काही वर्षांत थकते आणि स्वस्त हेडफोनमध्ये ती बदलून मिळणं कठीण. तरी बिनवायरीचाच हवा असेल तर सपाट होणारा घ्यावा, आणि वायर लावायचीही सोय असलेला. बॅटरी थकल्यावर निदान वायरीवर तरी तो वाजतो.

दुकानात काय ऐकावं? विक्रेता एखादं धडाधड वाजणारं गाणं लावतो, त्यात सगळेच हेडफोन भारी वाटतात. आपण आपलं गाणं न्यावं. मी तीन गोष्टी ऐकते. पहिली, जुनं मोनो ध्वनिमुद्रण. त्यात दोन्ही कानांत तोच आवाज असतो, त्यामुळे गाणारी व्यक्ती बरोबर डोक्याच्या मध्यभागी यायला हवी. ती एका बाजूला कलत असेल तर दोन स्पीकर सारखे नाहीत. दुसरी, तबल्याची साथ. डग्ग्याची घुमारी निराळी आणि दायाँची टणक थाप निराळी कळली पाहिजे. 'जादा बास'च्या हेडफोनमध्ये डग्गा सगळ्यांवर पसरतो आणि दायाँ त्याखाली बुडतो. तिसरी, स्पष्ट उच्चारांचं भावगीत. त्यात स, श, च हे वर्ण कानाला चरचरत असतील तर घरी जाऊन रोज चरचरणार. सवयीने ते कमी होतं, असं विक्रेते सांगतात. माझा अनुभव तसा नाही.

कधी कधी गाणारा गायबच होतो आणि तबला-पेटी दुरून कुठून तरी ऐकू येते. तेव्हा हेडफोनला नावं ठेवण्याआधी फोनचं जाड कव्हर काढून पाहावं. कव्हरमुळे पिन पूर्ण आत जात नाही, दोन्ही बाजूंची सामाईक तार टेकत नाही, आणि दोन्ही कानांत जे समान असतं तेच एकमेकांना खोडून टाकतं. गाणारा सहसा मधोमध असतो, म्हणून आधी तोच जातो. कव्हर काढूनही तसंच राहिलं तर पिनपाशी वायर तुटली आहे. हा आजार किरकोळ. नवी पिन स्वस्तात बसवून मिळते.

पदपथावर नावाजलेल्या कंपनीचं लेबल लावलेला हेडफोन निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, तेव्हा खोकं उलटं करून वाचावं. उत्पादक किंवा आयात करणाऱ्याचा पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काही गाळलेलं असेल तर त्या लेबलवर विश्वास ठेवू नये.

शेवटची चौकशी गाद्यांची. बंद कपांवर जी चामड्यासारखी गादी असते ती बहुधा पॉलियुरेथेनची. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात आणि घामात ती मऊ पडते, चिरते आणि तिचे काळे पापुद्रे कानाला, पदराला, उशीला चिकटतात. गादी निघते की चिकटवलेली आहे, हे विकत घेतानाच पाहावं. निघत असेल तर कपाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून ठेवावा, म्हणजे जोडी मागवताना अंदाज चुकत नाही. साध्या स्पंजाच्या गाद्या तर अगदी स्वस्त असतात. मी हेडफोन घेतला की त्याच आठवड्यात स्पंजाची एक जादा जोडी आणून ठेवते, कारण मॉडेल बंद झालं की मापाचा स्पंज शोधत गल्लोगल्ली हिंडावं लागतं. आणि वायर फोनभोवती गुंडाळत नाही. पिनपाशी पडणारा तो घट्ट वळसाच पहिल्यांदा तुटतो. सैल वेटोळं करून रबर लावते आणि हेडफोन जेवणाच्या डब्याच्या वर ठेवते, खाली नाही.