गळती शोधायला हात लावू नका

बेगडेवाडी स्टेशनजवळ एका घराचा पाया खोदत होतो. पाऊस तोंडावर, घरमालकाची घाई. बॅकहोच्या बूमवरचा एक होज पाइप ओलसर दिसत होता. ऑइल नेमकं कुठून येतंय ते कळेना, म्हणून फिटरने चालू मशीनवरच पाइपावरून हात फिरवला. "काहीतरी टोचलं," म्हणाला. बोटावर सुईच्या टोकाएवढा ठिपका, रक्तही नाही. फडक्याने पुसून तो परत कामाला लागला. रात्रीपर्यंत हात मनगटाच्या वर सुजला. ऑपरेशन झालं, पण बोट काढावं लागलं.

गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण 2 बार असतो. बॅकहो जोर लावतो तेव्हा होजमधलं ऑइल 200 बारच्या पुढे जातं. बारीक भोकातली ती धार हातमोजाही भेदते, ऑइल कातडीखाली पसरतं आणि आतलं मांस मरायला लागतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, खरा घात तिथेच होतो. असं झालं तर सूज यायची वाट बघू नका. ज्या दवाखान्यात हाताचं ऑपरेशन होतं तिथेच लगेच जा आणि "प्रेशरचं ऑइल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा. नाहीतर मलमपट्टी करून घरी पाठवतील.

गळती शोधायची तर पुठ्ठ्याने. चष्मा लावायचा, अंग लांब ठेवायचं, पुठ्ठा पाइपाजवळून फिरवायचा. धार असेल तिथे डाग उमटतो. नट आवळायचा किंवा पाइप काढायचा तर आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मग लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून उरलेलं प्रेशर सोडा. बंद मशीनच्या होजमध्येही प्रेशर अडकून राहतं, हे नवे हेल्पर विसरतात. पुढचा लोडर वर उचलूनच काम करायचं असेल, तर सिलिंडरवर लोखंडी सेफ्टी टेकू बसवल्याशिवाय खाली वाकायचं नाही. लाकडी ओंडका चालणार नाही.

बाकी रोजचं सगळ्यांना ठाऊक आहे: ग्रीस, इंजिन ऑइल, कूलंट, तेही इंजिन गार असताना. एक मात्र सांगतो. जुन्या हायवेने सोमाटणे फाट्याकडे मशीन चालवत नेताना दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना लॉक केलेत ना, ते बघा. साइटवर वळायला सुटे ठेवलेले असतात; रस्त्यावर तसेच राहिले आणि एकावरच पाय पडला, तर मशीन त्याच बाजूला खेचलं जातं.

भाडं तासावर मिळतं, म्हणून सकाळची तपासणी मालकांना फुकटचा वेळ वाटतो. मी ती ऑपरेटरच्या हजेरीत धरतो, आणि सीटमागे कोरडा पुठ्ठा नसेल तर मशीन साइटवर पाठवत नाही.