भाड्याची मोटार स्वतः चालविणाऱ्या भाविकांसाठी मार्गदर्शन

करवीरनिवासिनी श्री महालक्ष्मीच्या दर्शनास येणारे पुष्कळ भाविक त्याच प्रवासात वाडी रत्नागिरीचा श्री जोतिबा, श्रीक्षेत्र नृसिंहवाडी, पन्हाळगड आणि खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर पाहण्याची इच्छा धरतात. रेल्वेने वा विमानाने आलेल्या कुटुंबास यासाठी भाड्याची मोटार सोयीची ठरते. मात्र सोबत चालक न घेता ती स्वतः चालवावयाची असल्यास वाहन, रस्ता आणि स्वतःची शारीरिक क्षमता या तिन्हींचा आधी विचार करावा.

वाहन घेताना

स्वतः चालविण्यासाठी मोटारी भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकास केंद्र शासनाच्या १९८९ च्या योजनेखाली परवाना घ्यावा लागतो. अशा पेट्रोल वा डिझेल मोटारीच्या क्रमांकपट्टीवर काळ्या रंगावर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरे असलेली मोटार खासगी वापराची होय. ती स्वस्त मिळाली तरी भाड्याने घेऊ नये. अपघात झाल्यास भाडेवापराचे कारण दाखवून विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. नोंदणी, विमा व प्रदूषण नियंत्रणाची प्रमाणपत्रे मुदतीत आहेत ना, हे पाहावे. स्वतःचा वाहन परवाना जवळ ठेवावा. डिजिलॉकरमधील प्रतही ग्राह्य धरली जाते. परदेशातून आलेल्यांनी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना बरोबर आणावा. ब्रेक, दिवे, वायपर आणि जादा चाक तपासून मगच मोटार ताब्यात घ्यावी.

शहरात व मार्गावर

१. मंदिराभोवतालचे रस्ते अरुंद व गर्दीचे आहेत. मोटार वाहनतळावर ठेवून पायी जाणे उत्तम. नवरात्रात तसेच चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेत वाहतुकीचे मार्ग बदलले जातात. त्या दिवसांत नकाशापेक्षा पोलिसांची सूचना प्रमाण मानावी.

२. जोतिबा व पन्हाळ्याचा रस्ता चढणीचा व वळणांचा आहे. अरुंद चढावर वर येणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी, असा नियम आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. सर्व भार ब्रेकवर येऊन ते तापतात व ऐन वेळी निकामी होतात.

३. ऊस गळिताच्या हंगामात, म्हणजे साधारणतः दिवाळीपासून मार्चपर्यंत, शिरोळ व हातकणंगले भागांत उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. अनेकांना मागे दिवा नसतो व ऊस ट्रॉलीबाहेर आलेला असतो. अशा वाहनामागे पुरेसे अंतर ठेवावे. पुढचा रस्ता स्पष्ट दिसल्याशिवाय ओलांडू नये.

४. पावसाळ्यात निघण्यापूर्वी राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी विचारावी. तेथे ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गही बंद पडला होता. पुलावरून वा रस्त्यावरून पाणी वाहत असता, ते कितीही उथळ भासले तरी, मोटार घालू नये.

रात्रीचा प्रवास टाळावा

२६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी पुण्याच्या भाविकांची मिनी बस पंचगंगेवरील जुन्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. १३ जणांना प्राण गमवावे लागले; त्यांत लहान मुलेही होती. देवदर्शन करून निघालेली ही मंडळी शहराच्या अगदी वेशीपर्यंत पोहोचली होती.

एका दिवसात अधिकाधिक क्षेत्रे पाहण्याच्या ओढीने भाविक पहाटे उठतात, रांगेत तासन् तास उभे राहतात, काही जण उपवासही करतात आणि त्यानंतर रात्री शंभर-दीडशे किलोमीटर मोटार हाकतात. झोप कोणास सांगून येत नाही. डोळे जड होऊ लागल्यावर चहा पिऊन वा काच उघडून भागत नाही. सुरक्षित जागी थांबून विश्रांतीच घ्यावी लागते. म्हणून एका दिवसात एकच दिशा ठरवावी, सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे आणि उशीर झाल्यास वाटेतच वस्ती करावी. आंबा, करूळ व फोंडा हे कोकणात उतरणारे घाट धुक्याच्या दिवसांत रात्री मुळीच धरू नयेत. राहिलेले दर्शन दुसऱ्या दिवशीही घडते.

अपघात घडल्यास

जखमींस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पोलीस व तातडीच्या मदतीसाठी ११२, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. परक्या जखमीस मदत करताना कचरू नये; मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

पुढील व मागील आसनांवरील सर्वांनी पट्टा लावावा, वाहन चालविताना भ्रमणध्वनी हाती घेऊ नये आणि मद्यप्राशन करून चालकाच्या आसनावर बसू नये. सर्व भाविकांचा प्रवास सुखरूप होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.