रोइंग मशीनवर जोर पायांचा

नोव्हेंबरात डोनाऊवर धुकं बसतं, साडेचारलाच अंधारून येतं आणि रेगेन्सबर्गमधल्या आपल्या मराठी घरांतलं संध्याकाळचं फिरणं थांबतं. मग फिटनेस स्टुडिओचं सदस्यत्व घेतलं जातं. तिथे ट्रेडमिलवर गर्दी असते, रोइंग मशीन मात्र बहुतेक वेळा मोकळं. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या, पोट सुटू लागलेल्या, घराण्यात मधुमेह असलेल्या माणसाला गुडघ्यांवर भार न टाकता सगळ्या अंगाला कामाला लावणारा असा व्यायाम क्वचितच मिळतो. तरीही दोन आठवड्यांत बरेच जण कंबर धरून दवाखान्यात येतात.

दुखण्याचं कारण बहुधा एकच. विहिरीतून पोहरा शेंदावा तसं हाताने आणि पाठीने हँडल ओढलं जातं. खरा जोर मांड्यांचा हवा. पुढे सरकल्यावर नडग्या उभ्या, हात सरळ, खांदे सैल आणि धड खुब्यातून किंचित पुढे झुकलेलं ठेवा. आता पायांनी पाट्या ढकला. पाय जवळजवळ सरळ झाल्यावरच धड थोडं मागे न्या आणि शेवटी हँडल खालच्या बरगड्यांपर्यंत आणा. परतताना क्रम उलटा: आधी हात, मग धड, मग गुडघे. परतीला ढकलण्याच्या साधारण दुप्पट वेळ द्या. घाईने पुढे आलात की कणा वाकतो आणि पुढचा सगळा झटका त्या वाकलेल्या कमरेवर बसतो.

सीट मागे गेली पण हँडल तिथेच राहिलं, असं होतंय का ते पाहा. बाजूने मोबाइलवर चित्रीकरण केलं की लगेच कळतं. अशा वेळी पाच मिनिटं हात सरळ आणि धड पुढेच ठेवून फक्त पायांनी ढकला. नंतर पायांवरचे पट्टे सोडून, हळूहळू पूर्ण वल्हवा. शेवटी फार मागे रेललात, तर पाय पाटीवरून सुटून चूक तिथल्या तिथे दिसेल.

पंख्याच्या बाजूचा डॅम्पर दहावर ठेवण्याचा मोह, विशेषतः तरुणांना, फार होतो. त्या आकड्याने पंख्यात किती हवा जाते एवढंच ठरतं. नवख्याने तो तीन ते पाचच्या दरम्यान ठेवावा. जोर लावलात तर तिथेही घाम फुटतो.

सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं पुरेत. मिनिटाला अठरा ते बावीस वल्ही, आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच दम. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा. हा पाया बसल्यावरच एखाद्या दिवशी एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश असे फेरे घ्या. पहिल्याच दिवशी २००० मीटरची वेळ मोजू नका. ते ऑलिंपिक शर्यतीचं अंतर आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला, पण त्याआधी लष्करात त्याची वर्षानुवर्षांची मेहनत झाली होती.

आपल्या गावात १८९० पासूनचा रेगेन्सबर्गर रुडर-क्लुब आहे. अशा क्लबांतले लोक एर्गोमीटरवर, म्हणजे याच रोइंग मशीनवर, मुरलेले असतात. तिथल्या प्रशिक्षकाने एकदा जरी तुमचं वल्हवणं पाहिलं, तरी महिनाभराचं दुखणं वाचू शकतं. संकोच न करता विचारा.

हृदयविकार असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा पाठीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी आपल्या हाउसआर्त्स्टशी बोला. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर तपासावी, जवळ ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. कमरेतून कळ पायात उतरली, पाय बधिर झाला किंवा बरगडीच्या एकाच जागी दुखू लागलं, तर मशीन बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. वल्हवताना छातीत दडपण आलं, तर थांबून लगेच ११२ ला फोन करा.