गोळी किती अचूक असावी?

मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी रायफलची गोळी निवडताना तिची अचूकता किती असली म्हणजे पुरे, हा प्रश्न वरवर पाहता बंदूकवाल्यांचा आहे. परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास पदार्थविज्ञान व संख्याशास्त्र या दोन्ही विषयांची दारे ठोठवावी लागतात, म्हणून तो आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावा असे मला वाटले. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, आणि ती आली हे योग्यच झाले. तेव्हा पुढील विवेचन जेथे परवाना घेऊन कायदेशीर शिकार चालते अशा मुलखांना, मुख्यतः उत्तर अमेरिका व उत्तर युरोप यांना, लागू आहे असे समजावे.

या प्रश्नात केवळ कागदी लक्ष्यावरचे गुण गुंतलेले नाहीत. कुमाऊँमधील चंपावतची वाघीण जिम कॉर्बेटने १९०७ साली मारली, तोवर तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी जमा झाले होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले; वरचा निम्मा तुटलेला, तर खालचा पार हाडापर्यंत गेलेला. कोणाच्या तरी जुन्या गोळीची ती करणी होती, व त्यामुळे नेहमीचे भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष आहे. गोळी वीतभर इकडची तिकडे झाली तर काय होऊ शकते, याचे याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, त्यातील दारू, बुडाची टोपी व तोंडाशी बसवलेली गोळी असा सर्व संच. गोळी म्हणजे त्यातून सुटून लक्ष्यापर्यंत जाते तेवढाच भाग. (कन्नडमध्ये तिला ‘गुंडु’ म्हणतात. मराठीत मात्र डॉक्टरही गोळी देतो आणि शिपाईही गोळी देतो. प्रसंग पाहून अर्थ लावावा!)

अचूकतेचे माप कोनात सांगण्याची पद्धत आहे. एका अंशाचे साठ भाग केले म्हणजे एक मिनिट. हा कोन १०० मीटरवर सुमारे २.९ सें. मी. अंतर व्यापतो, २०० मीटरवर त्याच्या दुप्पट. एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या झाडल्या तर पाच भोके पडतात. त्यांपैकी परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर म्हणजे ‘ग्रुप’. एन. सी. सी. च्या छात्रांना हे सांगावयास नकोच. मीही विद्यार्थीदशेत पॉइंट टू टू रायफलने हे ग्रुप पाडले आहेत.

आता लक्ष्य केवढे? हरणासारख्या जनावराच्या छातीत हृदय व फुप्फुसे मिळून जी जागा असते ती साधारण २० सें. मी. व्यासाचे वर्तुळ धरतात. मोठ्या जनावरात ती अर्थातच अधिक. फिनलंडमध्ये सरकारनेच हा हिशेब करून ठेवला आहे. तेथे मूस, म्हणजे सांबराच्याच कुळातील पण आकाराने घोड्याहून थोराड असे हरीण, रायफलने मारावयाचे असेल तर आधी परीक्षा द्यावी लागते. ७५ मीटरवरून झाडलेल्या चारही गोळ्या २३ सें. मी. व्यासाच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. अस्वलासाठी तेच वर्तुळ १७ सें. मी. चे. २३ सें. मी. चा ७५ मीटरवर होणारा कोन काढून पाहा. तो साडेदहा मिनिटांच्या आसपास येईल. कारखान्यातून निघालेली साधी शिकारी रायफल चांगल्या काडतुसांनी दीड-दोन मिनिटांचा ग्रुप सहज देते. मग अर्ध्या मिनिटाच्या गोळीमागे लोक एवढे का धावतात?

त्याआधी गोळी मुळात चुकते का, ते पाहू. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांचा एक पीळ १० इंचांत, म्हणजे २५४ मि. मी. मध्ये, पुरा होतो असे धरा. सेकंदाला २,८०० फूट वेगाने निघणारी गोळी अशा नळीतून सेकंदाला ३,३६० फेरे घेत बाहेर पडते. मिनिटाचा हिशेब दोन लाखांवर जातो. नळीत असेपर्यंत पोलाद तिला तिच्या आकाराच्या मध्याभोवती फिरावयास लावते. बाहेर पडताक्षणी ती मोकळी होते व आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. हे दोन मध्य तंतोतंत एक नसतील तर गोफणीतून दगड सुटावा तसा गुरुत्वमध्याला किंचित आडवा वेग मिळतो. या विचलनाचा कोन म्हणजे दोन मध्यांतील अंतराला २π ने गुणून पिळाच्या लांबीने भागणे. गोळीचा वेग या गणितातून छेद जाऊन नाहीसा होतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. अंतर ०.०१ मि. मी. घेतले तर कोन ०.०००२४७ रेडियन येतो, म्हणजे १०० मीटरवर अडीच सें. मी. ची चूक! आणि प्रत्येक गोळीची जड बाजू नळीच्या तोंडाशी निरनिराळ्या दिशेला असल्याने या चुका चहूकडे विखुरतात. तांब्याचे आवरण एका बाजूस जरा जाड राहिले, आतल्या शिशात बारीकशी पोकळी राहिली, की एवढा फरक पडलाच. अमेरिकेतील डॉ. फ्रँकलिन मान यांनी वर्षानुवर्षे मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून या विषयावरील आपला ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला. टोक बिघडलेल्या गोळीपेक्षा बूड बिघडलेली गोळी फार अधिक भरकटते, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. दुकानात मात्र लोक अद्याप टोकच निरखून पाहतात.

आता मुख्य मुद्दा. गोळीची चूक एकटी येत नाही, तिच्या जोडीला माणसाची चूक असते. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन चुकांची बेरीज साधी होत नाही, ती काटकोन त्रिकोणाच्या कर्णाप्रमाणे होते: दोघींचे वर्ग करून मिळवावे व वर्गमूळ काढावे. रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवून बाकावर बसलेल्या माणसाची स्वतःची चूक १०० मीटरवर १ सें. मी. धरू. एक गोळी ४.५ सें. मी. चा ग्रुप देणारी, दुसरी २.५ सें. मी. चा. एकूण ग्रुप अनुक्रमे ४.६ व २.७ येतील, फरक डोळ्यांत भरणारा. तोच माणूस रानात चढ चढून, धापा टाकीत, गुडघ्यावर कोपर टेकून बसला की त्याची स्वतःची चूक १२ सें. मी. होते. आता गणित पुन्हा करा. पहिली गोळी १२.८ देते, दुसरी १२.३. बाकावर दिसलेला दोन सें. मी. चा फरक रानात अर्ध्या सें. मी. वर आला.

याच आकड्यांवरून २० सें. मी. च्या वर्तुळात किती गोळ्या पडतील हेही काढता येते. नेम मध्यावर आहे व चुका प्रसामान्य वितरणाच्या नियमाने विखुरतात असे गृहीत धरले, तर १०० मीटरवर साध्या गोळ्यांपैकी शंभरात ९४ आत पडतात, अचूक गोळ्यांपैकी ९६. २०० मीटरवर हेच आकडे ५१ व ५४ होतात. महागडी गोळी घेऊन शंभरात तीन गोळ्या वाचल्या, आणि शंभर मीटर जवळ सरकून त्रेचाळीस वाचल्या! मूस किंवा सांबर २०० मीटरवर असताना बसल्या बैठकीतून असा बार टाकणे म्हणजे नाणे उडवण्यासारखेच झाले, आणि नाणे उलटे पडले की जखम घेऊन रानात जाते ते जनावर.

यावरून ‘पुरेशी’ या शब्दाला अर्थ देता येतो. रायफल व गोळी यांची मिळून चूक माणसाच्या रानातील चुकीच्या निम्मी असली, तर एकूण चूक सुमारे बारा टक्क्यांनीच वाढते. एकतृतीयांश असली तर पाच टक्क्यांनी. त्यापलीकडे गोळीवर खर्च करण्यापेक्षा तेवढी काडतुसे सरावात झाडावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट गोळीची चूक माणसाच्या चुकीएवढीच असेल तर १२ चे १७ होतात, व अशी गोळी टाकून द्यावी.

मात्र गोळी पारखताना तीन बारांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नये. एकाच प्रमाण विचलनाच्या रायफलचा ग्रुप सरासरीने तीन बारांत विचलनाच्या २.४१ पट येतो, पाच बारांत ३.०७ पट, दहा बारांत ३.८१ पट. म्हणजे तीन बारांत ३ सें. मी. दाखवणारी रायफल दहा बारांत पावणेपाच दाखवील, तरी तिचे काही बिघडलेले नसते. शिवाय तीन बारांचे ग्रुप स्वतःच फार खालीवर होतात. त्यांतला सर्वांत लहान कागद पाकिटात घालून मित्रांना दाखवीत हिंडणारे आमच्या वेळच्या छात्रांतही होते.

गोळी नेमकी पडली तरी काम संपत नाही, उलट शिकारी गोळीचे खरे काम तेथून सुरू होते. स्पर्धेच्या गोळ्या पातळ आवरणाच्या व टोकाशी पोकळ असतात. अचूकतेत त्यांचा हात कोणी धरणार नाही. परंतु त्या जनावरात शिरल्यावर काय करतील याचा नेम नसतो. सिएरा ही प्रसिद्ध कंपनी आपल्या ‘मॅचकिंग’ गोळ्यांची बहुतेक शिकारीसाठी शिफारस स्वतःच करीत नाही. १९४६ साली जॉन नॉस्लर कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीस गेले असता त्यांच्या वेगवान रायफलच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या कातड्यावरच फुटू लागल्या, आत खोल जाईनात. नेम बरोबर होता, गोळी कुचकामी. परत येऊन त्यांनी मध्ये तांब्याच्या आवरणाचाच आडवा पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी बनवली. पुढील अर्धे शिसे छत्रीसारखे उमलते, मागील अर्धे तसेच राहून आत जाते. असे उमलणाऱ्या गोळ्यांचा इतिहास कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारातून जातो. १८९० नंतरच्या दशकात तेथे बनलेल्या उघड्या टोकाच्या गोळ्यांवरून वाद माजला, आणि १८९९ च्या हेग परिषदेने उमलणारी गोळी युद्धात निषिद्ध ठरवली. शिकारीत मात्र तीच दयाळू समजतात, कारण जनावर लवकर मरते.

हत्ती हा अपवाद. कवटीच्या जाड हाडातून मेंदूपर्यंत जावयाचे तर गोळी अजिबात उमलून चालत नाही. डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतील बरेचसे अगदी लहान ७ मि. मी. रायफलने, पूर्ण आवरणाच्या १७३ ग्रेनच्या गोळ्यांनी. हत्तीची कवटी करवतीने कापून त्याने मेंदूची जागा अभ्यासली होती. इतके हत्ती मारण्याचे मला कौतुक नाही, अभ्यासाचे आहे.

अलीकडे शिशालाच ओहोटी लागली आहे. शिशाच्या गोळीचे कण मेलेल्या जनावरात राहतात व ते खाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडे मरतात असे दिसल्यावर त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी केली. १९८९ मध्ये बार्न्स कंपनीची निव्वळ तांब्याची ‘एक्स’ गोळी बाजारात आली होतीच. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, तेव्हा तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते, आणि लांब गोळी हवेत स्थिर ठेवण्यास अधिक जलद पीळ लागतो. जुन्या मंद पिळाच्या नळीतून ती भरकटू शकते. यावर सोपा उपाय म्हणजे एक पायरी हलकी गोळी घेणे. तांबे फुटून वाया जात नसल्याने हलकी गोळीही पुरेशी खोल जाते. शिशाच्या गोळीवर लावलेला नेम मात्र तिला जसाच्या तसा चालत नाही. दुर्बीण नव्याने लावून घ्यावी लागते, आणि तीही निदान दहा बारांच्या ग्रुपवर.