शांतिनिधीचा हिशेब : फुगा आणि मूठभर धान्य

शांततेचे कार्य कितीही निःस्वार्थी असले तरी ते करणाऱ्या माणसाला दोन वेळ जेवावे लागतेच. तेव्हा शांतिप्रचारासाठी निधी कसा उभारावा, हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावा असा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात मी दोन रीतींची तुलना करणार आहे.

पहिली रीत पाश्चात्त्य देशांतील फुग्यांच्या शर्यतीची. देणगीदार तिकीट घेतो. त्याच्या नावाची चिठ्ठी हेलियम भरलेल्या फुग्याला बांधतात व ठरल्या वेळी सारे फुगे एकदम सोडतात. चिठ्ठी ज्याला सापडेल त्याने ती टपालाने परत पाठवायची. सर्वांत दूर गेलेल्या फुग्याला बक्षीस. एक लिटर हेलियम सुमारे एक ग्रॅम वजन उचलते, म्हणून चिठ्ठी हलकीच हवी. या रीतीत मौज आहे आणि गर्दीही जमते. परंतु वायू, फुगे, छपाई व बक्षीस यांचा खर्च वजा जाता जे उरेल तेवढेच निधीत पडते. शिवाय फुटलेल्या फुग्यांचे तुकडे जनावरांच्या पोटात जातात, तो खर्च कोणत्याच वहीत येत नाही.

दुसरी रीत आपल्याकडील मुष्टिदानाची. कन्नड विभागातील मित्र तिला ‘ओंदु हिडि अक्की’ म्हणतील. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या तर नावातच ती आहे. आचार्य विनोबा भावे यांनी १९५७ साली केरळात शांतिसेना उभी केली आणि तिच्या पोषणासाठी सर्वोदय-पात्राची योजना मांडली. घरोघरी एक पात्र ठेवावे व घरातील लहान मुलाने रोज त्यात मूठभर धान्य टाकावे. ते धान्य म्हणजे शांततेला दिलेले मतच होय. १९६० च्या मे महिन्यात चंबळ खोऱ्यातील बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्यानंतर विनोबा इंदुरास आले. हे शहर सर्वोदयनगर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. १५ ऑगस्ट १९६० रोजी तेथे त्यांनी विसर्जन आश्रम स्थापला.

आता हिशेब पाहू. पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक, हे विनोबांचे प्रमाण. घरटी पाच माणसे धरली तर एक हजार घरे होतात. मुलाची मूठ वीस ग्रॅमची मानली तर रोज वीस किलो, महिन्याला सहाशे किलो धान्य जमते. एका कुटुंबाचे पोट भरून पुष्कळ उरेल. अडचण आहे ती वसुलीची. एका माणसाने रोज चाळीस घरे केली तरी हजार घरांना पंचवीस दिवस लागतात. म्हणजे जवळजवळ सारा महिना गोळा करण्यातच गेला!

व्यापारी दृष्टीने हा तोट्याचा धंदा ठरेल. परंतु मला येथेच या योजनेचे मर्म दिसते. महिन्यातून एकदा प्रत्येक उंबरठ्यावर जाणारा माणूस कोणत्या गल्लीत कुरबूर आहे, कोण कोणाशी बोलत नाही, हे दंगल पेटण्यापूर्वीच जाणतो. त्याचा वसुलीचा खर्च म्हणजेच त्याचे मुख्य काम होय. फुगा देणगीदाराच्या हातातून सुटून दूर जातो. मूठ सेवकाला त्याच्या दारी आणते.

सर्वोदय-पात्रांची ही लाट पुढे ओसरली. जेथे दारी येणारा माणूस नसेल, तेथे पात्र हे केवळ एक भांडे उरते. म्हणून कोणत्याही निधीचा ताळेबंद मांडताना, किती जमले याबरोबरच किती घरांशी ओळख झाली, हा रकानाही आपण ठेवावा, असे मला वाटते.